व्याख्या एकदा होते, सगळीकडे चालते

‘वडिलांचे / पतीचे नाव’ हा रकाना आपल्यापैकी प्रत्येकीने कधी ना कधी भरला आहे. शाळेच्या दाखल्यापासून दवाखान्याच्या केसपेपरपर्यंत आणि रेशनकार्डापासून बँकेच्या पासबुकापर्यंत तो आपल्या पाठीमागे येत राहिला. त्या दोन शब्दांमधली तिरपी रेघ बाईला सांगते, की तुझ्या नावाला कुणातरी पुरुषाचा आधार हवाच. कोणाचा, एवढे तू ठरव. या रकान्यावर चळवळीने सभा घेतल्या, निवेदने दिली, न्यायालयात दाद मागितली. त्यातून काही बदलही झाले.

परंतु आपण भांडत होतो तो रकाना कागदावरचा होता. तो छापखान्यात ठरत होता. बाईला वाटले तर ती त्यावर काट मारून वर हाताने काही लिहू शकत होती, आणि एखादा समजूतदार कारकून ते चालवूनही घेत असे. आज अर्ज संगणकात भरला जातो. रकान्यात काय चालेल, काय चालणार नाही, तो रिकामा राहिला तर पुढे जाऊ द्यायचे की नाही, हे सगळे डेटाबेसच्या आत आधीच ठरलेले असते. तिथे काट मारता येत नाही. कारकुनाच्या मनात असले तरी त्याला वाट काढून देता येत नाही. पडद्यावर लाल अक्षरे येतात आणि बाई घरी परत जाते.

म्हणून या लेखात एका वरकरणी रुक्ष विषयाबद्दल बोलायचे आहे. डेटाबेसमध्ये एखाद्या रकान्याचा प्रकार एकदाच ठरवून ठेवता येतो आणि मग तो कितीही तक्त्यांत वापरता येतो. माझे म्हणणे असे, की ही पद्धत बायकांच्या हिताची आहे आणि आपण तिचा आग्रह धरला पाहिजे. पण त्याच वेळी, ती व्याख्या ठरते त्या खोलीत आपण असलो पाहिजे. कारण तिथे झालेली चूक एका अर्जापुरती राहत नाही. ती त्या व्याख्येवर चालणाऱ्या प्रत्येक योजनेत, प्रत्येक दाखल्यात उमटते.

माप एकच हवे

बाजारात प्रत्येक दुकानदाराने आपापले मापटे घरी बनवून आणले तर काय होईल, हे आपल्याला सांगायला नको. एकाचे मापटे बुडाशी आत दबलेले, दुसऱ्याचे काठाला कापलेले. घेणारीला आपण किती धान्य घेतले हे कधीच कळणार नाही. म्हणून माप प्रमाणित असते, त्यावर शिक्का असतो आणि तेच माप सगळीकडे चालते.

डेटाबेसचेही तसेच आहे. डेटाबेस म्हणजे अनेक तक्ते. प्रत्येक तक्त्यात उभे रकाने आणि आडव्या ओळी. एक ओळ म्हणजे एका व्यक्तीची किंवा एका घटनेची नोंद. तक्त्यांची ही रचना एडगर कॉड या इंग्रज गणितज्ञाने १९७० साली मांडली. तेव्हा तो आयबीएम कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करीत होता. त्या मांडणीत ‘डोमेन’ ही कल्पना पायाशीच आहे. एखाद्या रकान्यात कोणकोणती मूल्ये येऊ शकतात त्यांचा संच म्हणजे डोमेन. कॉडच्या मांडणीत याला अर्थाची बाजू होती. घरातल्या बाईचे वय आणि गावातल्या घरांची संख्या हे दोन्ही आकडेच; पण ३५ वर्षे आणि ३५ घरे यांची तुलना करण्यात अर्थ नाही. कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीशी ताडून पाहावी हे डोमेनवरून ठरते.

डेटाबेसशी बोलण्याची जी भाषा जगभर चालते, त्या एसक्यूएलच्या १९९२ च्या प्रमाणकात असे डोमेन तयार करण्याची आज्ञा आली. पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसमध्ये ती बऱ्याच वर्षांपासून आहे, ओरॅकलमध्ये २०२३ च्या आवृत्तीत आली. मायएसक्यूएलसारख्या खूप वापरल्या जाणाऱ्या डेटाबेसमध्ये ही सोय नाही. तिथे मान्य मूल्यांची यादी एका वेगळ्या तक्त्यात ठेवून बाकीचे तक्ते त्या यादीला जोडतात. साधन कोणतेही असो, तत्त्व एकच: ‘व्यक्तीचे नाव’ म्हणजे काय, ‘लिंग’ म्हणजे काय, ‘पत्ता’ म्हणजे काय, हे एका जागी एकदा ठरवायचे आणि प्रत्येक तक्त्याने तिथूनच घ्यायचे.

असे केले नाही तर काय होते? समजा, सावित्रीबाई नावाच्या एका बाईची नोंद चार ठिकाणी आहे: रेशन, आरोग्य, बँक आणि पेन्शन. प्रत्येक तक्ता वेगळ्या कंत्राटदाराने, वेगळ्या वर्षी तयार केला. एकाने नावाला ५० अक्षरे दिली, दुसऱ्याने ३०. तिसऱ्याने लांबी अक्षरांत न मोजता बाइटमध्ये मोजली. काही डेटाबेसमध्ये मुळात तशीच मोजली जाते. आता, आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, आणि काना, वेलांटी, हलन्त ही स्वतंत्र चिन्हे धरली जातात. ‘सावित्रीबाई’ या नावात अशी ११ चिन्हे आहेत, म्हणजे ३३ बाइट. ज्या प्रोग्रामरने ‘नाव: ३०’ असे लिहून टाकले, त्याच्या तक्त्यात सावित्रीबाईंचे नुसते पहिले नावही मावत नाही. तिथे ते तुटके लिहिले जाते, किंवा ‘बाई’ गाळली जाते. मग बँक म्हणते, आधारवरचे नाव आणि खात्यावरचे नाव जुळत नाही. सावित्रीबाई दिवसाची मजुरी बुडवून प्रतिज्ञापत्र करायला तालुक्याला जातात.

हा त्रास पुरुषालाही होतो, हे खरे. पण लग्नानंतर जिचे नाव बदलले, आडनाव बदलले, गाव बदलले, तिच्या कागदांत न जुळण्याच्या जागा किती तरी जास्त असतात. म्हणून नावाचे एकच माप असणे ही आपल्या दृष्टीने नुसती नीटनेटकेपणाची बाब राहत नाही.

एका जागी दुरुस्ती

व्याख्या एका जागी असण्याचा दुसरा फायदा लिंगाच्या रकान्यावरून स्पष्ट होतो. या रकान्यासाठी एक आंतरराष्ट्रीय प्रमाणक सत्तरच्या दशकापासून आहे, क्रमांक ५२१८. त्यात चार आकडे आहेत: ० म्हणजे माहीत नाही, १ म्हणजे पुरुष, २ म्हणजे स्त्री आणि ९ म्हणजे लागू नाही. पुरुषाला १ आणि स्त्रीला २ दिल्याने कोणाचे श्रेष्ठत्व सूचित होत नाही, असा खुलासा त्या प्रमाणकाला स्वतःच द्यावा लागला. खुलासा द्यावासा वाटला, यातच पुष्कळ काही आले.

आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत पुरुष आणि स्त्री यांच्या जोडीला ‘इतर’ असा तिसरा पर्याय दिला गेला. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या खटल्यात तृतीयपंथी व्यक्तींना कायदेशीर ओळख दिली. निकाल एका दिवशी लागला. पण ज्या ज्या तक्त्यात ‘फक्त पु किंवा स्त्री’ अशी अट लिहिलेली होती, तिथे तो आपोआप पोहोचत नाही. अट प्रत्येक तक्त्यात वेगळी लिहिली असेल, तर प्रत्येक तक्ता शोधून काढावा लागतो. कुणाला आठवला तो दुरुस्त होतो, कुणाला आठवला नाही तो तसाच राहतो. मग निकालानंतर कित्येक वर्षांनीही एखाद्या कॉलेजच्या प्रवेशअर्जात दोनच पर्याय दिसतात, आणि विचारले तर उत्तर मिळते, ‘सिस्टीम घेत नाही.’

हीच अट एका डोमेनमध्ये असती तर दुरुस्ती एका ओळीची होती. न्यायालयाने किंवा विधिमंडळाने दिलेला हक्क संगणकात उतरायला किती वेळ लागेल, हे अशा घरगुती वाटणाऱ्या व्यवस्थेवर अवलंबून असते. कायदा बदलणे हे आपण लढ्याचे शेवटचे टोक मानत आलो. त्याच्या पुढे आता आणखी एक टप्पा आहे.

परित्यक्ता कोणत्या आकड्यात बसते?

आता दुसरी बाजू. माप एकच असले आणि तेच खोटे असले, तर नुकसान कोणाचे? वेगवेगळी मापे असताना एका दुकानात फसलेली बाई दुसऱ्या दुकानात जाऊ शकत होती. शिक्क्याचेच माप लहान असेल तर ती जाईल कुठे?

‘वैवाहिक स्थिती’ हा रकाना घेऊ या. २००१ च्या जनगणनेत ‘घटस्फोटित / विभक्त’ असा एकच पर्याय होता. २०११ साली ते दोन वेगळे केले गेले. तेव्हा दिसले, की देशात घटस्फोटित स्त्री-पुरुष सुमारे १३ लाख ६० हजार आहेत, आणि घटस्फोट न घेता विभक्त राहणारे सुमारे ३५ लाख, म्हणजे अडीच पटींहून जास्त. हे लोक २००१ मध्येही होतेच. एका पर्यायाच्या पोटात दोन अर्थ कोंबल्यामुळे ते वेगळे दिसत नव्हते. व्याख्येने झाकले आणि व्याख्येनेच उघडे केले.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत इथे परित्यक्ता स्त्रियांच्या परिषदा झाल्या, यात्रा निघाल्या. नवऱ्याने टाकलेल्या बाईला स्वतंत्र रेशनकार्ड मिळाले पाहिजे ही त्यांतली एक ठळक मागणी होती. ती मागणी मुळात व्याख्येचीच होती: जिला कायदा विवाहित म्हणतो पण जिच्या पानात नवऱ्याच्या घरचे काही पडत नाही, तिला काय म्हणायचे?

२०२४ साली सुरू झालेल्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेच्या पात्रतेत विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आणि निराधार स्त्रिया, तसेच कुटुंबातील एक अविवाहित स्त्री, असे गट आहेत. परित्यक्ता हा शब्द शासनाच्या यादीत आला, हे चळवळीचे यश आहे. पण डेटाबेसच्या नजरेने ही यादी वाचा. परित्यक्ता बाई कायद्याने विवाहितच असते, कारण घटस्फोट झालेला नसतो. मग तिने कोणता पर्याय निवडायचा? आणि ‘निराधार’ ही तर वैवाहिक स्थितीच नाही, ती आर्थिक परिस्थिती आहे. विधवा निराधार असू शकते, अविवाहित निराधार असू शकते, विवाहितही असू शकते. एका यादीत इथे तीन वेगळे प्रश्न मिसळले आहेत: कायद्याने लग्नाची स्थिती काय, प्रत्यक्षात ती कोणाबरोबर राहते, आणि तिचे पोट कशावर चालते. डेटाबेसचा साधा नियम आहे, की तीन प्रश्नांची उत्तरे तीन रकान्यांत जावीत आणि प्रत्येकाचा प्रकार वेगळा असावा. अर्जावरची यादी जशीच्या तशी एका रकान्यात उतरवली, की बाईला आपल्या आयुष्यातले एक सत्य निवडून बाकीची सोडून द्यावी लागतात.

याचा परिणाम पुढे दिसला. २०२५ साली याच योजनेच्या ई-केवायसीमध्ये स्त्रीच्या आधारबरोबर तिच्या पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांकही मागितला गेला. ज्यांचे पती वा वडील हयात नाहीत, किंवा घटस्फोट झाला आहे, अशांसाठी नंतर वेगळी सोय करण्यात आली: मृत्यूचा दाखला द्या, किंवा घटस्फोटाचे कागद द्या. आता परित्यक्ता बाईचा विचार करा. नवरा जिवंत आहे, म्हणून मृत्यूचा दाखला नाही. घटस्फोट झालेला नाही, म्हणून कोर्टाचा कागद नाही. वडील गेलेले असतील किंवा दूर असतील. ज्याने टाकले त्याच्याच दारात जाऊन त्याचा आधार क्रमांक मागायचा. यादीत नाव आहे, पण रकान्यात जागा नाही, अशी ही अवस्था आहे.

सक्ती व्याख्येत घालू नये

इथे डेटाबेस बनवणाऱ्यांच्याच शहाणपणाचा आपल्याला उपयोग आहे. पोस्टग्रेसच्या अधिकृत मार्गदर्शिकेत डोमेनविषयी एक सल्ला दिलेला आहे. ‘हा रकाना रिकामा चालणार नाही’ ही अट डोमेनच्या व्याख्येत घालू नका. डोमेनने रिकामी जागा मान्य करावी, आणि ज्या विशिष्ट तक्त्यात माहिती खरोखरच आवश्यक आहे तिथे त्या रकान्यापुरती सक्ती करावी. या सल्ल्यामागचे कारण तांत्रिक आहे. तक्ते एकमेकांना जोडताना एखाद्या ओळीला जोड सापडत नाही, तेव्हा जागा रिकामीच राहते, मग व्याख्या काहीही म्हणो. पण स्त्रियांच्या दृष्टीने त्याचा अर्थ फार मोठा आहे.

‘व्यक्तीचे नाव’ हा एक प्रकार. आई, वडील, जोडीदार हे तीन वेगळे रकाने. तिन्ही रकान्यांना तोच प्रकार लावा, म्हणजे नाव कसे लिहावे याचा नियम सगळ्यांना सारखा. पण कोणाचे नाव असलेच पाहिजे हे त्या प्रकाराने ठरवायचे नाही. ते प्रत्येक कामाच्या गरजेप्रमाणे ठरावे, आणि ज्याने सक्ती केली त्याने कारण सांगावे. गॅसजोडणीच्या अर्जाला नवऱ्याचे नाव कशाला हवे? रक्त तपासायला वडिलांचे नाव कशाला हवे? ‘वडिलांचे / पतीचे नाव’ हा रकाना या कसोटीवर तिथेच नापास होतो. त्यात दोन वेगळी नाती एका जागी कोंबली आहेत, आणि वर सक्ती आहे.

न्यायालये आणि सरकार यांनी गेल्या पंचवीस-सव्वीस वर्षांत हीच सक्ती एकेका ठिकाणी सैल केली आहे. १९९९ मध्ये गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आईलाही मुलाची नैसर्गिक पालक मानले. ते प्रकरण सुरू झाले होते मुलाच्या नावाने रोखे घेण्याच्या एका अर्जावरून. पालक म्हणून आईचे नाव दिले, म्हणून रिझर्व्ह बँकेने तो अर्ज परत पाठवला होता. २०१५ मध्ये न्यायालयाने अविवाहित आईला मुलाच्या पालकत्वासाठी वडिलांचे नाव सांगण्याची सक्ती करता येणार नाही असे म्हटले. डिसेंबर २०१८ पासून, आई एकटी पालक असेल तर पॅनकार्डाच्या अर्जात वडिलांचे नाव सक्तीचे राहिले नाही. प्रत्येक वेळी कोणीतरी बाई अडली, लढली आणि एक रकाना मोकळा झाला. शेजारच्या रकान्यासाठी दुसऱ्या बाईने पुन्हा पहिल्यापासून लढायचे. व्याख्या विखुरलेल्या असण्याची ही किंमत आहे, आणि ती बायकांनी मोजली आहे.

मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने शासकीय कागदपत्रांवर आईचे नाव लिहिण्याचा निर्णय घेतला. व्यक्तीचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, असा क्रम ठरला. जन्मदाखला, शाळेचे कागद, महसुली कागदपत्रे, वेतनचिठ्ठी या सर्वांना तो लागू. ही एका जागी केलेल्या व्याख्येची चांगली खूण आहे, तिचे स्वागत केले पाहिजे. पण तिच्यातही अपवाद ठेवला गेला: विवाहित स्त्रीच्या बाबतीत तिचे नाव, पतीचे नाव आणि आडनाव ही जुनीच पद्धत चालू राहील. मिळकतीच्या कागदात विवाहापूर्वीचे नाव लावण्याची तिला मुभा आहे, एवढाच दिलासा. म्हणजे मुलगी असताना आईचे नाव लागेल आणि लग्न झाले की ते गळेल. व्याख्या बदलली, पण लग्न झालेल्या बाईपाशी येऊन थांबली.

डेटाबेसमध्येही असेच घडते. वापरात असलेल्या डोमेनला नवी अट जोडायची झाली तर पोस्टग्रेस आधी त्या डोमेनचे रकाने असलेल्या सगळ्या तक्त्यांतल्या जुन्या नोंदी तपासतो. एकही नोंद अटीत बसली नाही तर बदल नाकारतो. मग प्रोग्रामर एक सवलत वापरू शकतो: जुन्या नोंदी तपासू नकोस, नवी अट फक्त इथून पुढे लाव. सवलत उपयोगी आहे, पण ती तात्पुरती असायला हवी. जुन्या नोंदी दुरुस्त करायच्या आणि मग अट सर्वांना लावायची, असा तिचा हेतू. हे दुसरे काम बहुधा राहून जाते. आपल्या हक्कांच्या बाबतीत ते राहू देता कामा नये.

दोन आक्षेप

काही मैत्रिणी म्हणतील, बायकांची आयुष्ये वेगवेगळी आहेत, मग सगळ्यांना एका साच्यात बसवण्याचा आग्रह आपण का धरायचा? आक्षेप रास्त आहे. एकच शब्द दोन ठिकाणी असला म्हणून व्याख्या एकच करू नये, हे मलाही मान्य आहे. ‘कुटुंबप्रमुख’ या शब्दाचेच पाहा. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार रेशनकार्डासाठी घरातली १८ वर्षांवरील सर्वांत ज्येष्ठ स्त्री कुटुंबप्रमुख असते. जनगणनेत मात्र घरचे लोक ज्याला प्रमुख म्हणतील तो प्रमुख. पहिली व्याख्या हक्क देते, दुसरी घरातली प्रथा टिपते. या दोहोंना एकच प्रकार लावला तर एक तर कायद्याने दिलेले स्थान बाईकडून जाईल, किंवा घरातली खरी सत्ता कोणाकडे आहे हे झाकले जाईल. म्हणून जिथे अर्थ एक आहे तिथे व्याख्या एक, आणि जिथे अर्थ वेगळा आहे तिथे शब्द सारखा असला तरी व्याख्या वेगळी. कॉडच्या मूळ कल्पनेत हा विवेक होताच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सगळीकडे एकच प्रकार वापरला की तक्ते एकमेकांना जोडणे सोपे होते. नवऱ्याच्या मारहाणीतून सुटून आलेली बाई नव्या गावात दवाखान्यात नाव नोंदवते. त्या नोंदीतला पत्ता आणि रेशनच्या तक्त्यातला पत्ता एकाच मापाचे असतील, तर तिला शोधणाऱ्याचेही काम सोपे होते. म्हणून हे स्पष्ट म्हटले पाहिजे, की व्याख्या सामायिक असणे आणि माहिती सामायिक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळ्या घरांत पायली एकाच मापाची असते, म्हणून कोणी कोणाच्या कणगीत हात घालत नाही. कोणता तक्ता कोणी पाहावा, कोणता कशाला जोडावा, याचे नियम वेगळे आणि कडक हवेत. तसेच, प्रकार तयार आहे म्हणून रकाना टाकण्याचा मोहही आवरला पाहिजे. ‘वैवाहिक स्थिती’ची उत्तम व्याख्या झाली, तरी नोकरीच्या अर्जात तो प्रश्न मुळातच असू नये.

आपण काय मागायचे

पहिली मागणी अशी, की प्रत्येक सरकारी योजनेच्या अर्जाबरोबर तिच्या रकान्यांची व्याख्यासूची मराठीत प्रसिद्ध झाली पाहिजे. कोणता रकाना, त्यात कोणती मूल्ये चालतात, कोणता सक्तीचा आहे आणि कशासाठी, हे त्यात असावे. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ नुसार अशी माहिती सरकारने मागितल्याशिवाय प्रसिद्ध करणे अपेक्षितच आहे. नाही केली तर आपण अर्ज करून मागू या.

दुसरी, नाव, लिंग, वैवाहिक स्थिती, पालक आणि कुटुंबप्रमुख या पाच व्याख्या ठरवताना किंवा बदलताना स्त्री-संघटना, परित्यक्ता आणि एकल स्त्रियांचे गट आणि तृतीयपंथी व्यक्तींच्या संघटना यांच्याशी चर्चा झाली पाहिजे. आज ही कामे निविदेतून कंत्राटदाराकडे जातात आणि तिथला एखादा तरुण, कोणाशीही न बोलता, आपल्या घरात जे पाहिले त्यावरून रकाने ठरवतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला विचारणारे कोणी भेटलेले नाही.

तिसरी, पतीच्या किंवा वडिलांच्या नावाची वा आधार क्रमांकाची सक्ती जिथे आहे तिथे परित्यक्तेसाठी पुरुषाच्या कागदावर अवलंबून नसलेली वाट असलीच पाहिजे. अंगणवाडी सेविका किंवा ग्रामसभा यांनी पडताळलेले तिचे स्वतःचे निवेदन त्यासाठी पुरेसे मानावे.

आणि चौथे काम आपल्या स्वतःच्या घरातले आहे. आपल्यापैकी बऱ्याच संस्थांची समुपदेशन केंद्रे आता केसच्या नोंदी संगणकावर ठेवतात. एका केंद्रात ‘विभक्त’, दुसऱ्यात ‘माहेरी’, तिसऱ्यात ‘सोडलेली’. वर्षाच्या शेवटी जिल्ह्यात टाकून दिलेल्या बायका किती, असे कोणी विचारले तर आपल्यालाच सांगता येत नाही, आणि सरकारपुढे आपले म्हणणे लंगडे पडते. केंद्रांनी एकत्र बसून निदान वैवाहिक स्थिती, राहण्याची जागा आणि हिंसेचे प्रकार या तीन व्याख्या ठरवाव्यात. बायकांची नावे आणि पत्ते कोणीही कोणाला देऊ नयेत. व्याख्या मात्र एकच असावी. ‘सोडलेली’ हा शब्द ठेवायचा की टाकायचा यावरच दोन तास वाद होईल. तो झालाच पाहिजे. हा वाद आजवर आपल्यावाचूनच मिटवला जात होता.